यानात माल भरला कोणी?

तुम्ही शेवटचा जो सिनेमा पाहिलात, त्यातलं सामान कोणी वाहिलं? त्या तोफा, त्या पेट्या, राजवाड्यातले खांब, नायिकेच्या सात बॅगा, हे सगळं आपापल्या पायांनी चालत आलं होतं का? कधी विचारलंत?

मी विचारते. मला ही खोड दहाव्या वर्षी लागली. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामात, एका रविवारी, भर दुपारी. तेव्हापासून माझ्याबरोबर सिनेमाला यायला मैत्रिणी कुरकुरतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आत्ता एप्रिल आहे. कॉलेजची परीक्षा तोंडावर आलीय, समोर पुस्तक उघडं आहे आणि खिडकीतून तापलेल्या लोखंडाचा वास येतोय. लोखंडाला वास असतो, बाहेरच्यांना हे पटत नाही. पावसाळ्यात तो ओल्या गंजाचा असतो, जिभेवर रक्ताची चव आल्यासारखा. एप्रिल-मेमध्ये त्यात ग्रीस मिसळतं, ट्रकच्या टायरचं रबर, गोणपाट, धूळ मिसळते. दुपारी दोनच्या सुमाराला हा वास पाहुण्यासारखा घरात येऊन बसतो आणि उन्हं उतरेपर्यंत हलत नाही. तो आला की मला ते अंतराळयान दिसतं. परीक्षा दर वर्षी असते, वास दर वर्षी येतो, आणि यान दर वर्षी माझ्या पुस्तकाच्या मधोमध उतरतं.

आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती. पत्रकं होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, लोखंड बाजारात माथाडी. ट्रकमधून सळ्या, पत्रे, अँगल उतरवायचे आणि दुसऱ्या ट्रकमध्ये चढवायचे, हे टोळीचं काम. दिवसा खांद्यावर लोखंड आणि संध्याकाळी, पत्रकाच्या प्रती काढायच्या स्टेन्सिलच्या कागदावर लेखणी. मॅट्रिक झालेला टोळीत हा एकच माणूस, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदावर पत्रकं निघायची. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी गणितं सोडवायची. भिंतीवर चिकटवायची असली तर आई खळ शिजवायची, आणि एकदा मी ती पेज समजून मीठ घालून प्यायले होते.

अक्षरं मी 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर गिरवली. दुसरीत 'माझी आई' असा निबंध होता. मी शेवटी लिहिलं, 'तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.' बाईंनी ते वाक्य लाल शाईने खोडलं. घरी आल्यावर अण्णांनी वही पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "उपस्थित राहा म्हणतेस, पण तारीख, वेळ, ठिकाण? असं आवाहन काय कामाचं?"

अण्णांचा पत्रकाबद्दल एक नियम होता. स्वतः पाहिलेलं नाही, किंवा दोन माणसांकडून पडताळलेलं नाही, ते छापायचं नाही. हा नियम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आणखी एक रीत होती, ती टोळीची. जेवणाच्या सुट्टीत अण्णा पत्रक मोठ्याने वाचायचे, कारण अर्ध्याअधिक जणांना वाचता येत नसे. पण ऐकणारे गुपचूप ऐकत नसत. कोणीही 'थांब' म्हटलं की वाचणाऱ्याने थांबायचं. मग शंका विचारायची, भांडायचं, एखादा शब्द बदलायला लावायचा, आणि सगळ्यांचं समाधान झालं की 'लाव पुढं'. एक पानभर मजकूर वाचायला कधी कधी दोन दिवस लागत. 'थांब' सगळ्यात जास्त वेळा म्हणायचे ते हसुरामकाका. ते तिथल्याच गावचे. आता जिथे लोखंडाचे ढीग आहेत, तिथे पूर्वी त्यांच्या घरचं भात व्हायचं. आडदांड शरीर, खांद्यावर लाल चौकटीचा गमछा, आणि डोळे असे की पत्रकातला खोटा शब्द त्यांना वाचता येत नसतानाही दिसायचा.

त्या उन्हाळ्यात टोळीला झोप नव्हती. आमचे लोक काम करत त्या गोदामात क्रेन येणार होती. येणार कसली, आली होतीच. तिचे सुटे भाग कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली पडून होते, बसवायला माणसं यायची बाकी होती. क्रेन बसली की चाळीस जणांचं काम एक साखळी करणार. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाताना सगळे त्या ताडपत्रीकडे पाठ करून बसायचे. मी डबा घेऊन जायची तेव्हा मला वाटायचं, खाली कुणाचं तरी प्रेत झाकलंय. अण्णांनी तोवर तीन पत्रकं काढली होती. तिन्हींचा मथळा एकच. क्रेन नको.

अशात इब्राहिमचाचांच्या घरी व्हिडिओ आला. चाचा गोदामाचे मेहताजी. हिशेब, पावत्या, चाव्या सगळं त्यांच्याकडे. तळोज्याकडच्या जुन्या घराण्यातले. तरुणपणी काही वर्षं जहाजावर होते, आणि त्यांचा भाऊ आखातात. त्या भावाने व्हिडिओ पाठवला आणि सोबत एकच कॅसेट. टोळीला मारामारीचा हिंदी सिनेमा हवा होता. निघाला इंग्रजी, अंतराळयानाचा.

"चाचा, भावाला लिहा की, आमी काय पाप केलं?" तानाजी म्हणाला. तानाजी टोळीतला सगळ्यात तरुण, साताऱ्याकडचा.

"बघायचं तर बघ, नाय तर घरी जाऊन झोप," चाचा म्हणाले. "मास्तर हाय ना सांगायला."

मास्तरांना इंग्रजी वाचता यायचं, ऐकून मात्र काहीच कळत नसे. चाचांनी त्यांना आदल्या दिवशी गोष्ट थोडक्यात सांगितली होती. पृथ्वी संपत आलीय, एक मोठं यान माणसं आणि सामान घेऊन दुसऱ्या ग्रहावर निघालंय, वाटेत वादळ लागतं. एवढ्या भांडवलावर अण्णांनी तीन डझन माणसांना सिनेमा सांगायचं कबूल केलं.

रविवारी बाजार बंद. चाचांच्या घरून टीव्ही हातगाडीवरून आला, गोधडीत गुंडाळून. ट्रकच्या ट्रक रिकामे करणारी माणसं तो टीव्ही उतरवताना अशी हळुवार झाली होती, जणू बाळंतिणीला खाली उतरवतायत. मग शटर ओढलं. गोदाम काळंकुट्ट झालं. पत्र्याच्या छपरातल्या भोकांतून उन्हाच्या बारीक सळ्या खाली उतरल्या आणि त्यांत धूळ फिरू लागली. मी एका पत्र्याच्या गुंडाळीवर बसले. ती फ्रॉकमधूनसुद्धा पोळत होती. वर छप्पर तापून टक टक वाजत होतं. आणि समोर पडद्यावर पहिलंच दृश्य आलं ते यानाच्या पोटातलं. लोखंडी भिंती, लोखंडी मजला, अंधार, आणि वरून येणाऱ्या उजेडाच्या सळ्या.

मला कळेना, सिनेमा कुठे संपतो आणि गोदाम कुठे सुरू होतं. आजही नीट कळत नाही.

यानात पेट्यांच्या राशी होत्या, गोदामाच्या दुप्पट उंच. पांढऱ्या कपड्यातला कॅप्टन एका पाहुण्याला त्या दाखवत हिंडत होता, हसत काहीतरी सांगत होता. मागे दोन अवाढव्य लोखंडी हात पेट्या उचलून रचत होते.

"थांब!" हसुरामकाका.

सवयीने अण्णाच थांबले. मग चाचांनी व्हिडिओ थांबवला. चित्र थरथरत उभं राहिलं, वर एक पांढरी पट्टी.

"पाच मिनिटं हां," चाचा म्हणाले. "जास्त वेळ ठेवलं तर मशीन आपोआप बंद होतं. काय भांडायचंय ते पाच मिनिटांत भांडा."

"मास्तर," हसुरामकाका म्हणाले, "यो माल भरला कोनी?"

"कुठला?"

"यो काय समोर. येवऱ्या पेट्या. मानूस नाय दिसत एक पन."

"आरं काका, गप की, बघू द्या," तानाजी म्हणाला. कोणी हसलं नाही. अंधारात सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या, ताडपत्रीकडे. मी पाहिलं. ती पाच मिनिटं मला अजून मोजता येतात. छप्पर वाजत होतं, पडद्यावरचे लोखंडी हात थरथरत होते, आणि अण्णा चाचांकडे बघत होते. चाचांना इंग्रजी कळत होतं. कॅप्टन काय म्हणाला ते त्यांनी ऐकलं होतं. ते गप्प राहिले.

"आहे माणूस," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

अण्णा उठले, टीव्हीजवळ गेले आणि बोट ठेवलं. लोखंडी हाताच्या खांद्यापाशी एक छोटीशी काच होती, काळी. "ह्या काचेमागे. आत बसलाय. तो दांडा ओढतो तसा हात हलतो."

"कोन हाय त्यो? साहेब?"

"टोळीतला. आधी खांद्यावर वाहायचा. मग हे शिकला."

"आन बाकीचे?" तानाजीने विचारलं. आता तोही गप बसणार नव्हता.

"खाली. माल बांधणीला. कॅमेरा तिकडे गेला नाही अजून."

हसुरामकाकांनी बराच वेळ त्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाले, "लाव पुढं."

त्यानंतर सिनेमा बदलला. म्हणजे पडद्यावर काहीच बदललं नाही, पण आता तो आमचा झाला. वादळ आलं, यान एका बाजूला कलंडलं. कॅप्टन काटे बघतोय, बटणं दाबतोय, बायका किंचाळतायत, कोणाला कारण सापडत नाही. इकडे टोळी उभी राहिली होती.

"माल सरकला!"

"डाव्या अंगाला वजन टाकलंय येड्यांनी!"

"मगाशीच बोल्लो," हसुरामकाका ओरडले, "जड पेटी वर ठेवली त्यांनी! घाटात ट्रक पलटी होतो तो असाच!"

पडद्यावर तब्बल दहा मिनिटांनी कॅप्टनला तेच कळलं. त्या वेळी चाचांनी स्वतःहून पहिल्यांदा तोंड उघडलं. "कॅप्टन बोलतोय, माल सरकलाय." गोदामात जो गलका झाला, त्याने शटर हादरलं. एवढा शिकलेला कॅप्टन, एवढं मोठं यान, आणि उत्तर तीन डझन माथाड्यांना त्याच्या आधी ठाऊक! मग तो लोखंडी हात पुढे आला आणि सरकलेल्या राशीला भिडला. टोळीने खांदा लावला. बसल्या जागी, रिकाम्या हवेत. "हय्या! अजून हय्या!" पेट्या इंचाइंचाने हलल्या. यान सरळ झालं.

आणि मी त्याला पाहिलं. काचेमागच्या माणसाला. त्याने कपाळाचा घाम लाल गमछ्याने पुसला आणि किंचित हसला. हे मला इतकं स्वच्छ आठवतं, की त्याच्या मिशीतले पांढरे केससुद्धा सांगता येतील.

दोन तासांचा सिनेमा आम्ही चार तास पाहिला. शेवटी यान तांबड्या मातीवर उतरलं, दार उघडलं, कॅप्टनने पहिलं पाऊल टाकलं. "थांब!" पुन्हा हसुरामकाका. "पयला पाय त्याचा कशाला? गाडी लागली की पयला उतरतो त्यो मालवाला!" यावर मात्र एकमत झालं आणि कॅप्टनच्या विरोधात ठराव मंजूर झाला.

शटर वर गेलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बाहेर गंजाची तांबडी धूळ, लोखंडाचे डोंगर, पलीकडे उभे ट्रक. मी त्या धुळीत मुद्दाम मोठी मोठी पावलं टाकत घरी गेले. नव्या ग्रहावर चालतात तशी.

पुढे शाळेत मी हा सिनेमा किती वेळा सांगितला असेल! माझ्या गोष्टीत कॅप्टन दुय्यम होता. नायक काचेमागचा. सहावीत वर्गात नव्या आलेल्या एका मुलीने तो सिनेमा पाहिला होता. ती म्हणाली, असा कोणी माणूसच नाही त्यात. मी तिला खोटारडी म्हटलं आणि वर्षभर बोलले नाही. माझ्या अण्णांनी बोट ठेवून दाखवला होता. अण्णा खोटं सांगत नाहीत.

सिनेमानंतर दोन दिवसांनी अण्णा चौथं पत्रक वाचत होते. मथळा तोच, क्रेन नको. दुसऱ्या ओळीवर हसुरामकाका म्हणाले, "थांब. यात त्यो काचेमागचा मानूस कुठं हाय?"

मी डबा घेऊन तिथेच उभी होते.

"क्रेन नको म्हनून ती जानार हाय का? आली ती. मग आत कोन बसनार, ते लिव की. शेठचा भाचा बसनार का आमी?"

ते पत्रक फाडलं गेलं. नवं निघालं. क्रेन येणार असेल तर तिच्यावर बसणारा टोळीतलाच हवा, त्याला शिकवायची जबाबदारी गोदामाची, आणि बांधणीला, उतरवायला टोळी राहील. यासाठी माणसं कितीतरी दिवस गोदामासमोर बसून राहिली. लोखंड उन्हात, माणसंही उन्हात. आई माठ घेऊन जायची. ते दिवस मी सजवून सांगणार नाही. काही घरांत दिवसातून एकदाच चूल पेटायची, आणि शेवटी सगळी मागणी मान्य झालीही नाही. टोळी लहान झाली, काही जणांना दुसऱ्या गोदामांत जावं लागलं. पण दोघांना क्रेन शिकायला घेतलं. एक तानाजी. दुसऱ्या जागेसाठी मालक म्हणाले, तरुण द्या. हसुरामकाका म्हणाले, "जमीन दिली तवा वय इचारलं नव्हतं."

दुसरी जागा त्यांना मिळाली.

गेल्या महिन्यात मैत्रिणीकडे केबलवर तो सिनेमा लागला. हिंदीत. मी तिच्या घरच्या सगळ्यांना बसवलं, म्हटलं, बघा, आता येईल. कॅप्टन पाहुण्याला घेऊन पेट्यांमधून चालत आला, हसला आणि अभिमानाने म्हणाला की या यानात मजूर लागतच नाहीत, एकही नाही, सगळं यंत्र करतं. मी वाट बघत राहिले. लोखंडी हात आला. काच आली. काच रिकामी होती. वादळ आलं, हात पुढे झाला, काच पुन्हा दिसली, जवळून. आत कोणीही नव्हतं. लाल गमछा नव्हता, मिशी नव्हती.

संतापाने माझे कान तापले होते. सिनेमाचा राग आलाच. ज्याने तो लिहिला, त्याला हजारो पेट्या दिसल्या आणि वाहणारं एक माणूस दिसलं नाही. आणि वर याचा अभिमान! उद्याचं जग रंगवायला बसलेल्या लोकांनी आधी काय केलं, तर आम्हाला त्यातून पुसून टाकलं. पण त्याहून मोठा राग अण्णांचा होता. मी त्यांच्या शब्दावर एका मुलीला खोटारडी ठरवलं होतं.

घरी आले. अण्णा स्टेन्सिल कोरत बसले होते. अजूनही बसतात.

"अण्णा, काचेमागे माणूस नव्हता."

त्यांना एका क्षणात कळलं मी कशाबद्दल बोलतेय. "नव्हता," ते म्हणाले.

"तुम्ही खोटं सांगितलंत. तीन डझन माणसांना. आणि मला."

"सांगितलं. ताडपत्री तिथे पडलेली, सगळ्यांची तोंडं तशी झालेली. काय सांगणार होतो? यंत्र करतं म्हणून?"

"पण तुमचा नियम?"

"पत्रकात 'असा माणूस आहे' असं मी एका शब्दाने छापलं नाही. तिथे बातमी नव्हती, मागणी होती." मग लेखणी खाली ठेवून म्हणाले, "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हसुरामला गाठलं होतं. रात्रभर टोचत होतं मला. म्हटलं, काका, काल चुकलो, काचेमागे कोणी नव्हतं."

"मग?"

"मग काय! तंबाखू मळत होता. म्हणाला, 'ठावं हाय. काच रिकामी होती, दिसली मला. म्हनून तर इचारलं.'"

जे तीन डझन माणसांसमोर सांगितलं, ते त्या सगळ्यांसमोर मागे घ्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. अण्णांना तसं मी सांगितलंय, आणि त्यांना ते मान्य आहे. पण एका गोष्टीचा उलगडा तेव्हा झाला. काच रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून, दोन दिवसांनी भर टोळीत उभं राहून 'त्यो मानूस कुठं हाय' असं विचारणं, याला काय म्हणायचं? मी म्हणेन, एवढी मोठी विज्ञानकथा मी अजून वाचलेली नाही.

काल अभ्यास सोडून गोदामात गेले. दुपारचे दोन वाजले होते. तोच वास, तीच छपरातून उतरणारी उन्हाची सळई. वर क्रेन सरकत होती, साखळीला पत्र्याची गुंडाळी लटकत होती, खाली बांधणीला माणसं होती. गुंडाळी जागेवर टेकली. केबिनच्या काचेमागे एका माणसाने दांडा सोडला, लाल चौकटीच्या गमछ्याने कपाळ पुसलं आणि मला बघून किंचित हसला. मिशी आता सगळीच पांढरी झालीय. दहाव्या वर्षापासून जो चेहरा मी पडद्यावर पाहिला म्हणून शपथेवर सांगत आले, तो इथे पाहिलेला होता. डबा पोचवताना, मान वर करून.

"काय गो, परीक्षा सोरून इथं काय करतंस?" ते वरून ओरडले.

"बघायला आले, आत कोण आहे ते!"

"मीच हाय! जा, अभ्यास कर!"

म्हणून वाचकहो, माझं तुमच्याकडे एक काम आहे. पुढचा सिनेमा पाहाल तेव्हा एकदा तरी मोठ्याने 'थांब' म्हणा. घरचे वैतागले तरी म्हणा. माल भरला कोणी, तेवढं विचारा. पडद्यावर माणूस दिसला नाही, तर शेजारी बसलेल्या पोराला खोटं सांगू नका. रिकाम्या काचेवर बोट ठेवा आणि इथे कोणी बसायला हवं ते त्यालाच विचारा. मग पुढं लावा.

तारीख, तुमच्या पुढच्या सिनेमाची. वेळ, पहिली पेटी दिसेल ती. ठिकाण, तुम्ही बसला असाल तेच.